सोमाजींच्या विमानाची सरावफळी

मित्रांनो, मी एक जुनी प्लायवूडची फळी आहे. मंचरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेली असते. हसू नका, पण माझ्या अंगावर एका अख्ख्या विमानाची वायरिंग आहे. बटणं आहेत, फ्यूज आहेत आणि यंत्रांच्या जागी छोटे दिवे. पेट्रोलच्या पंपाच्या जागी हिरवा दिवा.

सोमाजी तीस वर्षं शेतकऱ्यांच्या पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरत आले. साठीला त्यांनी दोन माणसांचं विमान घरीच बांधायला घेतलं आणि त्याची वायरिंग शिकायला मला तयार केलं. आधी माझ्यावर करायचं, मग विमानात. माणूस हुशार, पण हाताची खोड जाता जात नव्हती. दाताने वायर सोलायची, तारांना पीळ द्यायचा, वरून काळी टेप. विमानात असं चालत नाही. तिथे तारेच्या टोकाला लग नावाची छोटी टोपी बसवून ती खास पकडीने दाबावी लागते. सोमाजी तेही शिकले, चांगलं शिकले. पण एकच जोड उरला आणि लग संपले.

"हाताचा पीळ हाय, सुटतोय कशाला?" म्हणत त्यांनी टेप गुंडाळली. तो जोड हिरव्या दिव्याचा होता. विमानातही तसाच केला.

मला फार भीती वाटली. आकाशात तो जोड सुटला तर पंप बंद, इंजिन बंद आणि सोमाजी खाली. पण फळीला तोंड कुठलं?

त्यांच्या पत्नीला, चिमाबाईंना, वायरिंगमधलं काही कळत नव्हतं. रस्ता मात्र कळत होता. त्यांचं माहेर तळेघरचं आणि तिकडचा रस्ता म्हणजे नुसते खड्डे.

"आधी ही फळी माझ्या माहेरी जाऊन येऊ द्या. दिवे चालू राहिले तर बसा तुमच्या इमानात, न्हाईतर न्हाई."

शेजारच्या भरतची पिकअप खत घेऊन तिकडेच निघाली होती. मला बॅटरीसकट, सगळे दिवे लावून मागे बांधलं. चिमाबाई गोणीवर बसून माझ्याकडे टक लावून बघत होत्या. इतकं निरखून मला कोणी कधी पाहिलं नव्हतं. डिंभ्याच्या पुढे खड्डे लागले आणि माझी हाडं खिळखिळी झाली.

"भरत, थांबव रं! हिरवा गेला!"

पुढे बसलेले सोमाजी उतरून मागे आले. टेप सोडली, तर तार सुटून हातातच आली. ती त्यांनी चिमाबाईंसमोर धरली.

"अगं, आज मी वर असतो तर पडलो असतो."

"पडला न्हाई ना? मग चला, च्या घेऊ," चिमाबाई म्हणाल्या.

त्यानंतर सोमाजींनी पीळ दिलेला तो जोड विमानातूनही कापून टाकला आणि तिथे नवे लग बसवले. मग बाकीचा प्रत्येक जोड ओढून ओढून तपासला. शंका आली की आधी माझ्यावर करून बघायचे आणि काम करता करता माझ्याशी बोलायचे. ते माझे सुखाचे दिवस.

मग एक दिवस ट्रक आला. विमानाचे पंख उतरवून ते दूरच्या धावपट्टीकडे नेलं. माझी बॅटरीही गेली. नवराबायको दोघंही गेली आणि शेडला कुलूप लागलं. "येतो" असंसुद्धा मला कोणी म्हणालं नाही.

आठ महिने मी अंधारात होते. सोमाजी उडाले का? उतरले का? आधी राग यायचा, मग काळजी वाटायची. शेवटी नुसतं एकटं वाटायचं.

परवा भरत किल्ली घेऊन कांद्याच्या गोण्या ठेवायला आला. कानाला फोन होता.

"काय सांगता काकी! काका उडाले? आन् नीट उतरले बी? लई भारी झालं!"

माझे सगळे दिवे लावावेत असं मला वाटलं, पण बॅटरी होती कुठे? भरतने माझ्यासमोर गोण्यांची थप्पी लावली आणि दार ओढून घेतलं.

मित्रांनो, तुमच्याकडेही सरावाची एखादी वही असेल, पाटी असेल. तुमच्या चुका तिने अंगावर घेतल्या, म्हणून तुमचं पुढचं काम नीट झालं. तिला फेकू नका, अधूनमधून पुसून ठेवा. आणि एकदा जवळ जाऊन सांगा, की तुम्ही सुखरूप पोहोचलात. मला ते कोणी सांगितलं नाही. मी चोरून ऐकलं.