बांबूच्या खुंटातलं पाणी

पहिल्या छप्पन ईमेलना उत्तर आलंच नाही. राजुऱ्याच्या घड्याळवाल्या नवाबभाईंची पोरगी, बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला. तिला उन्हाळ्याचे दोन महिने परदेशातल्या प्रयोगशाळेत कोण बोलावणार? कॉलेजात विचारलं तर सर हसले, आधी पास हो म्हणाले. मग २००४ च्या डिसेंबरात मदीहाने चंद्रपूरच्या सायबर कॅफेत बसून सत्तावन्नावा ईमेल लिहिला आणि त्यात सुकरीचे बांबू घातले.

सुकरी तिची होस्टेलातली रूममेट. माडिया आदिवासी, अहेरीच्या पलीकडे जंगलातल्या गावची. दर पावसाळ्यात कॉलेज बुडवून गावी जायची आणि तोडलेल्या बांबूंचे खुंट मोजायची. ठेकेदाराची माणसं घाईत बांबू दोन गाठींच्या मधोमध तोडतात. खाली राहिलेल्या पोकळ खुंटाचा पेला होतो, त्यात पाणी, पाण्यात डासांच्या अळ्या. गाठीला लागून तोडला तर पेलाच उरत नाही. इतकं साधं. पण ते पाहायला जीपमधून एकही साहेब कधी उतरला नाही. सुकरीने सातशे खुंट पाहिले, एकेकात वाकून.

सप्टेंबरात तिच्याच डोक्यात मलेरिया चढला. दवाखान्याला कुलूप होतं, डॉक्टर मीटिंगला गेला होता म्हणे. खाटेवर घालून नेता नेता पोरगी वाटेतच गेली. कागदावर ताप लिहिलं, मलेरिया नाही.

ईमेलात मदीहाने लिहिलं, हे खुंट मी मोजले.

चार दिवसांत जर्मनीहून उत्तर आलं. प्रोफेसर खूश होते. मूळ वहीची पानं स्कॅन करून पाठवा, महिनाअखेर ठरवू. मदीहाकडे नुसत्या बेरजा होत्या. वही सुकरीजवळ होती.

सुकरीजवळच होती. त्या गावात मेलेल्या माणसाच्या वस्तू त्याच्यापाशीच ठेवतात. मदीहा गावात पोचली तेव्हा सुकरीची आई मीराबाई तिला गावाबाहेर, मेलेल्यांच्या नावाने उभ्या केलेल्या दगडांकडे घेऊन गेली. सुकरीच्या दगडाखाली फणी होती, लोटा होता, चपला होत्या आणि खताच्या पिशवीत गुंडाळलेली वही.

"इथून कोणी काई नेत नाई," मीराबाई म्हणाली. "पण तू तिची मैतरीण. तिले सांगून ने. काऊन नेतेस ते सांग, खरं सांग."

मदीहा खाली बसली. दगडावर ऊन होतं, तरी हाताला गार लागला.

"सुकरे, वही नेतो मी," ती म्हणाली. "तिकडं तुयं नाव सांगतो."

मीराबाईने मान हलवली आणि स्वतःच पिशवी उचलून तिच्या हातात दिली.

एसटीत मदीहाने वही उघडली. तारीख, खुंट, अळ्या, आणि शेवटच्या रकान्यात मोजणाऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर. सु. सु. सु. पानामागून पान. मदीहाला एकदा बोलावलं होतं सुकरीने, पण ती जळवांना भिऊन गेली नव्हती.

कॅफेत स्कॅनरच्या काचेवर वही उपडी घालण्याआधी तिने पांढऱ्या कागदाची पट्टी कापली आणि तो रकाना झाकला. जर्मन माणसाला 'सु' वाचता येणार नव्हतं. तरी झाकला. प्रत्येक पानावर पट्टी सरळ बसली आहे ना, ते बोटाने चाचपून पाहिलं.

जूनमध्ये ती जर्मनीतल्या प्रयोगशाळेत पोचली. टेबलावर पांढरी तबकं, तबकांत अळ्या, हातात ड्रॉपर. पहिले दोन दिवस तिने इंग्रजीत मोजलं. तिसऱ्या दिवशी तोंडातून निघालं, उंदी, रंड, मूंद. सुकरी असंच मोजायची. मदीहा तिला चिडवायला म्हणून तेवढे तीन आकडे शिकली होती, पुढचे कधी विचारलेच नव्हते.

नालुंग. सैयुंग.

तिने ओठ घट्ट मिटले. आकडे आतून पुढं सरकत राहिले, न चुकता, तबक संपेपर्यंत. तिने दुसरं तबक ओढलं. तिथंही उंदीपासून सुरू, आता पुन्हा तोंडाने. ड्रॉपरने अळ्या बाजूला करताना तिची मान आपोआप खाली गेली, खुंटात वाकावं तशी, आणि नाकात ओल्या बांबूचा वास आला. खिडकीबाहेर कोरडं, स्वच्छ ऊन पडलं होतं.

प्रोफेसर मागे येऊन केव्हाचे ऐकत होते. त्यांनी कौतुकाने विचारलं की ही भाषा कोणाची?

सोबत आणलेली सुकरीची वही टेबलावर समोरच होती. नाव सांगायला एवढी सोपी वेळ पुन्हा आली नसती.

"माझी," मदीहा म्हणाली.

ते हसून गेले. मोजणं थांबलं नाही.