हाजीचं नाव

आखातातल्या अल ऐन शहरातल्या फुटबॉल अकादमीत कोच अबरार आणि मालक श्रीनाथ यांच्यात पहिल्यापासूनच वाकडं होतं. अबरारची लाडकी खेळाडू अफशा पळायची कमी, पण डाव्या पायाने अचूक पास द्यायची.

"हिला काढ. आळशी आहे," श्रीनाथ म्हणाला.

"सर, रोमानियाचा हाजी कुठे फार पळायचा? चौऱ्याण्णवच्या वर्ल्ड कपात त्याने लांबून कोलंबियाच्या गोलकीपरच्या डोक्यावरून गोल मारला. लोक अजून नाव काढतात."

"तुझे हाजीबिजी घरी ठेव!"

टोमणा खेळाडूवर नाही, आपल्या धर्मावर आहे हे अबरारला बरोबर कळलं. त्याने शिट्टी श्रीनाथच्या पायाशी फेकली आणि अफशाला घेऊन दुसऱ्या क्लबात गेला. महिन्याभराने तिच्याच पासवर श्रीनाथची टीम हरली. श्रीनाथने हात पुढे केला. अबरारने तो घेतला नाही.