सगळी गल्ली माझ्यावर बसली

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. पण मला नुसती काठी समजू नका. मुठीखालची कळ दाबली की मला तीन पाय फुटतात, मूठ उलगडून बैठक होते आणि थकलेला माणूस जिथल्या तिथे टेकतो.

छत्र्या दुरुस्त करणाऱ्या दोन बहिणींच्या दुकानात माझा जन्म झाला. थोरलीचे गुडघे दुखत, रांगेत उभं राहवत नसे. तिच्यासाठी धाकटीने मला घडवलं. पाय मिटू नयेत म्हणून आत एक खटका लागतो. तो जमेपर्यंत माझ्या आधीच्या काठ्यांनी थोरलीला कितीदा तरी जमिनीवर आपटलं. "मला बरं करायला निघालीस की मोडायला?" ती कंबर चोळत विचारायची.

मी जमले आणि धाकटीला आनंद आवरेना. तिने मला दुकानाच्या दारातच मांडलं. "काका, बसून बघा की!" "आत्या, टेका जरा!" सगळी गल्ली माझ्यावर बसून गेली. कुणी विचारलं, की ती खटकाही उघडून दाखवी. कौतुकाने मीही फुगले होते.

कारखान्यात माझ्यासारख्या हजारो काठ्या बनाव्यात, त्यांवर दोघींचं नाव असावं, हे धाकटीचं स्वप्न. कारखानदाराला दाखवण्याआधी तिने वकीलबाईंकडून गोपनीयतेचा करार लिहून घेतला. दाखवलेलं गुपित कुणाला सांगायचं नाही, स्वतः वापरायचं नाही. त्याने हसत सही केली. मगच मी पिशवीबाहेर आले.

त्याचा निरोप काही आला नाही. आणि एके दिवशी बाजारात, एका दुकानाच्या काचेमागे, मीच उभी! तीच मूठ, तेच पाय, नाव मात्र कारखानदाराचं. धाकटीच्या हातातून मी रस्त्यावर पडले.

वकीलबाईंनी विचारलं, "सहीच्या आधी ही कुणी पाहिली होती का?"

"कुणी नव्हती पाहिली, ते विचारा," थोरली म्हणाली.

"अहो, करार लिहिताना मी विचारलं होतं ना!" वकीलबाई म्हणाल्या.

"तुम्ही विचारलंत, नवीन आहे का," धाकटी रडवेली झाली. "नवीनच होती हो!"

"नवीन असणं वेगळं, गुपित असणं वेगळं. चारचौघांना ठाऊक झालेलं करार झाकू शकत नाही. गल्लीभर सह्या घेत फिरायची गरज नव्हती, नुसतं दाखवायचं नव्हतं. ज्याला दाखवल्यावाचून काम अडतं, त्याचीच सही घ्यायची, आणि तीही दाखवण्याआधी."

"म्हणजे बैल गेला नि झोपा केला," थोरली पुटपुटली.

मित्रांनो, तुम्हाला काही नवं सुचलं तर ते आधी जपा. कौतुक थोडं थांबलं म्हणून शिळं होत नाही. मला हे फार उशिरा कळलं. परवा रांगेत थोरली माझ्यावर टेकली होती. शेजारच्या बाईंनी मला निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "अस्सल घ्यायची होती हो, ही नक्कल दिसते."