कपाटावरची फळी

मित्रांनो, वर्गातल्या कपाटावर धूळ खात पडलेली जुनी फळी दिसते ना, ती मी. एका दाराच्या उरलेल्या लाकडातून सुतारमामाने मला आपल्या भाचीसाठी घडवलं. वही तिरकी राहावी म्हणून उतार दिला, पेन घरंगळू नये म्हणून कडेला पट्टी ठोकली आणि मी सरकू नये म्हणून खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला.

भाचीला सगळे 'धडपडी' म्हणत. चालताना ती बाकांना धडके, बुटाची नाडी बांधता बांधता तिची मधली सुट्टी संपे आणि वहीतली अक्षरं ओळ सोडून पळत. डॉक्टरांनी आईला समजावलं होतं, की याला डिस्प्रॅक्सिया म्हणतात. पोरीच्या बुद्धीत काही उणं नाही, फक्त डोक्याचा हुकूम हातापायांपर्यंत नीट पोचत नाही.

चौथीच्या बाईंनी ते मनावर घेतलं. मला बाकावर जागा दिली. फळ्यावरची गणितं उतरवायला न लावता त्या तिला छापील कागद देत, निम्मी उत्तरं तोंडी घेत. एकदा तर तिची वही साऱ्या वर्गाला दाखवली. मला वाटलं, आपलं बस्तान बसलं.

पाचवीला सर आले. माणूस वाईट नव्हता. पण वर्गात पंचेचाळीस मुलं, त्यातली दोघं-तिघं 'आम्हाला का नाही फळी?' म्हणून मागे लागली. सरांनी मला उचलून कपाटावर ठेवलं. आई दोनदा येऊन विनवून गेली, डॉक्टरांचं पत्रही देऊन गेली. जन्मभर का ती फळी घेऊन हिंडणार आहे, असं सर म्हणाले आणि पत्र माझ्याच खाली सरकवलं.

सहामाहीचा पेपर मी वरून पाहिला. कागद सरकत होता. तो धरायला ती गेली आणि कोपर लागून पाण्याची बाटली कलंडली. सगळी शाई पसरली. ती उभी राहिली.

"सर, तोंडी सांगू का? मला सगळं येतं."

सरांनी ओल्या कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचा हात कपाटाकडे निम्मा उचलला गेला.

"एकीला दिलं की उद्या सगळे मागतील. बस खाली," ते म्हणाले आणि हात मागे घेतला.

मी लाकूड. ना हाक मारता येते, ना उडी.

तिला पन्नासपैकी सहा गुण मिळाले. त्यानंतर उत्तर येत असलं तरी तिने हात वर करणं सोडलं. वर्षाअखेरीस शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला आई आली, तेव्हा तिने मलाही मागितलं. धडपडीने तिचा पदर ओढला.

"राहू दे गं इथेच. पुढच्या वर्षी कोणाला तरी लागेल."

त्याला बरीच वर्षं झाली. तिच्यासारखं कोणी ना कोणी वर्गात येतंच. मी वरून ओळखते. काहीतरी सांडतं, वर्ग हसतो. मित्रांनो, तुम्ही हसू नका. शेजारी बसा, काय लागतं ते विचारा आणि जाऊन सरांना सांगा. मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.