फुग्याला झालेली करणी

गांधीबागेमागच्या मोहल्ल्यात निळेबाबांच्या दर्शनाला इतकी गर्दी, की एक गाय नुसती घरी जायचं म्हणून रांगेत उभी होती.

रीत सोपी. वाटीतल्या पाण्यावर आजाऱ्यानं फुंक मारायची, बाबा लाकडी काडी फिरवणार. पाणी तसंच राहिलं तर साधं दुखणं. निळं झालं तर करणी!

माझ्या आत्याचं, यमुताईचं पाणी निळंशार झालं.

"घरातलीच आहे," बाबा डोळे मिटून म्हणाले. "नवी आहे. पारशिवनीकडची आहे." इतका पत्ता तर पोस्टमनलाही लागत नाही.

आत्याला क्षय. तिनं गोळ्या मोरीत ओतल्या आणि पारशिवनीहून आलेली नवी सून गोपिका हिची ट्रंक दारात ठेवली.

"गोळ्या काहून फेकल्या, आत्या?"

"करणीले गोळी लागते का गा? पानी निळं झालं, म्या डोळ्यानं पाह्यलं!"

तसं निळं पाणी मी रोज पाहतो. मी एका लॅबमध्ये कामाला आहे. आजारपणात रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकमेकींना हाका मारायला एक प्रथिन सोडतात, ते आम्ही मोजतो. त्याला नेमकं चिकटणारं द्रव्य घालायचं, त्या द्रव्याच्या शेपटीला एक विकर, म्हणजे एन्झाइम, बांधलेलं असतं. न चिकटलेलं धुऊन टाकायचं, मग पाण्यासारखं दिसणारं रंगाचं औषध घालायचं. विकर त्याला निळं करतं. जितकं प्रथिन, तितका निळा रंग. पण आमच्या डॉक्टर सिंधूताईंचा दंडक आहे: तपासणीच्या ताटलीतल्या एका खळग्यात रक्त घालायचंच नाही. तो रिकामा खळगा निळा झाला, तर सगळे निकाल कचऱ्यात.

दुसऱ्या दिवशी मी आत्याला घेऊन गेलो. हातात एक फुगा.

"बाबा, शेजारच्या रुपरावले उठवत नाही. त्याची फुंक घेऊन आलो."

बाबा घुटमळले. गर्दी म्हणाली, "आनली तं पाहा ना, बाबा!"

फुगा वाटीवर सुटला. काडी फिरली. निळं!

"भयंकर करणी! सासूनं केली."

"त्याले सासू नाही, बाबा."

"मेलेल्या सासूनं!"

"रुपरावही नाही. फुगा आपल्या सायकलवाल्या धोंडबाच्या पंपानं भरला."

"माह्या पंपावर करनी?" धोंडबा गर्दीतून ओरडला. "कालच घेतला ना मी तो!"

मी काडी आत्याच्या नाकाशी धरली. "वास घे."

"अगं बाई! मुळा!"

कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडून मुळा आणला, कापून बाबांच्याच दुसऱ्या वाटीतल्या पाण्यात बुडवला. कुणी फुंकलं नाही, तरी निळं! बाबांची काडी मुळ्याच्या रसात भिजवलेली होती, आणि त्या रसातही तसंच विकर असतं. आमच्या लॅबमधलं विकर मुळ्याच्या विलायती भावकीतलं, बाबांचं देशी. वाटीत पाणी नव्हतंच, ते रंगाचं औषध होतं. देव अंगात येण्याआधी बाबा एका लॅबमध्ये बाटल्या धुवायचे. ज्याला करणी लावायची नाही त्याच्यासाठीची कोरडी काडी झोळीत सापडली.

आत्या तडक घरी आली. दारातल्या ट्रंकेपाशी थांबली.

"आत ने वं ते," ती सुनेला म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "गोळ्या मिळतीन का गा पुन्हा?"

"मिळतील."

गोपिकेनं ट्रंक उचलली. "भाजी मुळ्याची करू?"

चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एक फुगा भरून न्या. ज्याच्यात काहीच नाही त्याच्यातही ज्याला करणी दिसते, त्याच्या सांगण्यावरून घरची सून दाराबाहेर काढू नका.