शेजारच्या सीटवरचा पाय

त्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी एकच होती आणि मतही एकच होतं. मत सरांचं असायचं. निम्म्या गावाला गाडी त्यांनी शिकवली होती. उरलेलं निम्मं गाव रस्ता जपून ओलांडायचं.

आपण थकलो हे सरांनी कबूल केलं नव्हतं, पण त्यांच्या गुडघ्यांनी केलं होतं. शेजारच्या सीटवर, म्हणजे मास्तरच्या सीटवर, आता दुसरं कुणी बसायला हवं होतं. मुलाने आधीच हात वर केले. चारचाकीत बसलं की त्याला मळमळायचं. राहिली सूनबाई. तिच्याकडे शिकवण्याचा परवाना होता, खणखणीत आवाज होता आणि सासूबाईंच्या मते, हेकट माणसं सोसण्याचा घरबसल्या सरावही होता.

"सीट तुझीच आहे," सर म्हणाले होते. "फक्त तुझ्या पायाखाली गाडी थरथरते ती आधी थांबू दे. मास्तरीणबाईंच्याच पायाखाली गाडी कापायला लागली तर शिकणाऱ्याने कुणाकडे बघायचं?"

घोडं अडलं होतं ते इथे.

रोज सकाळी पेट्रोल भरायला सूनबाई एकटी जायची. सर गाडी एरवी कुणाच्या हाती एकटी सोडत नसत, पण पेट्रोल भरून आणणं हे त्यांच्या लेखी गाडी चालवणं नव्हतंच, ते निरोप्याचं काम होतं. पंपाकडचा रस्ता सरळ आणि सपाट. गाडीने जरा वेग धरला, ॲक्सिलरेटरवर पाय नुसता टेकलेला असला, की खालून थरथर सुरू व्हायची. वाटावं, आपण कुणाच्या तरी छपरावरच्या कौलांवरून गाडी हाकतोय. मग आपोआप थांबायची. जरा जीव भांड्यात पडला की पुन्हा सुरू.

सर शेजारी बसले की मात्र तीच गाडी पाहुण्यांसमोरच्या वात्रट कार्ट्यासारखी वागायची. हाताची घडी, तोंडावर बोट.

"बघ, गाडीला माणूस कळतो," सर म्हणायचे.

"बाबा, या गाडीला उलटा गिअर धड कळत नाही."

"मग पायगुण म्हण." एवढं बोलून सर खिडकीबाहेर बघत हसायचे.

गॅरेजवाल्या मिस्त्रीने आपल्या परीने सगळं करून पाहिलं होतं. प्लग बदलले, इंजिनाखालची रबरं बदलली, चाकांचं बॅलन्सिंग केलं. प्रत्येक वेळी चक्कर मारायला निघाला की सर शेजारी येऊन बसायचे आणि गाडी लोण्यासारखी चालायची. मिस्त्री सरांकडेच गाडी शिकलेला. त्यांना "जरा खाली उतरा" म्हणायची त्याची छाती नव्हती. आपण पुन्हा नापास होऊ असं त्याला आतून वाटायचं.

"वहिनी, मला तर काही दोष सापडत नाही," तो खालमानेने म्हणायचा. सर चहाचा घोट घ्यायचे, तोही जिंकल्यासारखा.

त्या सकाळी मिस्त्री मागचा लाल दिवा उघडून बसला होता.

"सर, ब्रेकलाइटचे बल्ब तुमच्या गाडीत टिकत नाहीत बघा. फुटाण्यासारखे लागतात."

"हल्ली बल्बच हलके येतात," सर म्हणाले.

सूनबाई पायाखालची पायपुसणी झटकायला वाकली होती, ती वाकलेलीच राहिली. शिकवणीच्या गाडीला ब्रेकची पेडलं दोन, एक चालवणाऱ्याचं आणि एक मास्तरचं, खालून दांड्याने जोडलेली. चालवणाऱ्याच्या पेडलवरच्या रबराच्या रेघा अजून फणीच्या दात्यांसारख्या उभ्या होत्या. मास्तरच्या पेडलवरचं रबर मात्र संपत आलेल्या साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत, मधे खळगा पडलेलं. शिकणाऱ्याला ब्रेक दाबायची संधीच कधी मिळत नसावी.

ती सरळ उभी राहिली.

"मिस्त्री, ब्रेकला पाय नुसता लागला, गाडी थांबेल इतका नाही, तर गिअरबॉक्सला कळतं का हो?"

मिस्त्रीच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला.

"कळतं की. गाडी ऑटोमॅटिक आहे ना. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे तेलाने भरलेलं एक भांडं असतं, टॉर्क कन्व्हर्टर. एक पंखा तेल ढवळतो, दुसरा त्या तेलावर फिरतो. गाडी एका चालीत धावायला लागली की आतला क्लच दोघांची गाठ मारतो. ब्रेकला पाय लागला, दिवा पेटला, की गाठ सुटते. घासलेला क्लच गाठ मारतानाच थरथर..."

पुढचं वाक्य त्याने गिळलं. दोघांनी मिळून सरांच्या उजव्या चपलेकडे पाहिलं.

"काय आहे?" सर म्हणाले.

सूनबाई चालवायला बसली, मिस्त्री मागे. सर आपल्या जागी बसायला आले तर तिथे पायांपुढे पान्यांची लोखंडी पेटी ठेवलेली. पेडल पेटीच्या मागे गडप.

"बाबा, पाय पेटीवर ठेवा."

"मी काय फोटो काढायला बसलोय?"

"बसलाय तसे छानच दिसताय. पण पाय वर."

सरळ रस्ता लागला. सूनबाईने पाय हलका केला आणि वेग स्थिर धरला. क्षणभर काहीच झालं नाही. सरांच्या चेहऱ्यावर पायगुण हा शब्द उमटायला लागला होता, तेवढ्यात गाडी थरथरली आणि पेटीतले पाने किणकिणायला लागले. सरांचा उजवा पाय आपसूक ब्रेककडे धावला आणि पेटीवर आपटला.

"बाबा, हा पाय असाच जातो. तुमच्या नकळत, दिवसभर."

मग एक पाय ॲक्सिलरेटरवर तसाच ठेवून तिने दुसऱ्याने ब्रेकला अलगद स्पर्श केला. किणकिण बंद. पाय उचलला, किणकिण सुरू. टेकवला, बंद.

"दोष प्लगचा असता तर थरथर ब्रेकला विचारून थांबली नसती," ती म्हणाली.

"कन्व्हर्टर," मिस्त्री मागून म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच सरांच्या देखत पाठ टेकून बसला.

सरांनी पेटीकडे कान लावला.

"परत कर," ते म्हणाले. तिने केलं. "परत."

"अजून खात्री पटली नाही का, बाबा?"

"खात्री मघाशीच पटली. आता मजा येतेय."

गिअरबॉक्स उतरवला तेव्हा तेल काढ्यासारखं काळं आणि करपट निघालं. नवा कन्व्हर्टर बसला, ताजं तेल पडलं आणि सूनबाईने त्याच रस्त्यावर गाडी काढली. पान्यांची पेटी मुद्दाम तिथेच ठेवली होती. सगळा रस्ता संपला, पेटीने हूं की चूं केलं नाही. परत आल्यावर सरांनी दार उघडून धरलं, चालवणाऱ्याच्या बाजूचं नव्हे, मास्तरच्या. मग रुमाल काढून ती सीट स्वतः पुसली.

"बस," ते म्हणाले. "पायगुण माझाच निघाला."

सासूबाई घराच्या ओट्यावरून म्हणाल्या, "हे मी लग्नापासून सांगतेय."

पहिल्या शिकवणीला सूनबाई दोन्ही तळपाय पायपुसणीवर सपाट टेकवून बसली. शेजारी एक घामाघूम शिकाऊ, मागे मुलाच्या स्कूटरवर सर. लाल दिवा किती वेळा लागतो ते बघायला ते गाडीच्या मागे मागे सगळं गाव फिरून आले.

"काय हो, किती वेळा लागला?" सासूबाईंनी विचारलं.

"उगाच असा एकदाही नाही," सर चपला काढत म्हणाले. मग पडलेल्या आवाजात, "माझ्या पायाला विचारशील तर चौकात दोनदा लागायला हवा होता."