धाकू मुकादमाचं दुसरं घड्याळ

मित्रांनो, मी एक जुनं घड्याळ आहे. आज मी खरोखरच जुना आहे, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण पहिल्यांदा जुना झालो तेव्हा माझं वय जेमतेम दोन महिने होतं, आणि ते म्हातारपण मला पंधरा दिवसांत लावण्यात आलं. माणसं तरुण दिसायला केस काळे करतात असं ऐकतो. माझं सगळंच उलटं.

माझा जन्म मुंबईतल्या एका माडीवर झाला. यंत्र एकीकडचं, डबी दुसरीकडची, काटे तिसरीकडचे. वरून सोन्याचं पाणी दिलं आणि तबकडीवर एका फार मोठ्या स्विस घराण्याचं नाव छापलं. त्या घराण्याला माझी खबरही नव्हती. नाव खोटं होतं हे कबूल करतो. टिकटिक मात्र खरी होती, वेळ मी कधी चुकीची सांगितली नाही.

तिथून मी कल्याणला विश्रामभाऊंच्या दुकानात आलो. दुकान कसलं, स्टेशनाबाहेर कापडवाल्याच्या पायरीला चिकटलेलं एक कपाटच ते. त्यात डोळ्याला भिंग लावून विश्रामभाऊ बसायचे. चाळिशीचा एकटा माणूस, डोंबिवलीला एका खोलीत राहायचा, खानावळीत जेवायचा, कपडे परटाकडे टाकायचा. एवढं तुम्ही लक्षात ठेवा, पुढे ते आपल्याला नडणार आहे.

साल त्रेपन्न. फाल्गुनातल्या एका दुपारी एक उंच, उन्हाने करपलेला म्हातारा कपाटासमोर येऊन उभा राहिला. डोक्याला रुमाल, अंगात धुतलेला सदरा. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ह्या असाच घड्याल मना पायजे. पन नवा नको. जुना पायजे."

विश्रामभाऊंनी भिंग काढलं. कुणाला फसवून विकायचं असेल तर मी त्यातला नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

"इकाचा नाय," म्हातारा म्हणाला. "घालाचाय."

मग तो पायरीवर बसला आणि हळूहळू सगळं बाहेर आलं. त्याचं नाव धाकू. माजिवड्याच्या पुढे खाडीला लागून मिठागरं आहेत, तिथला तो मुकादम. खाडीचं पाणी आगरात घ्यायचं आणि नको तेव्हा अडवायचं, ते फळ्यांच्या दारातून. त्या दाराला उघाडी म्हणतात. सात वर्षांपूर्वी मोठ्या उधाणाला उघाडीची एक फळी फुटली, तेव्हा धाकूने दुसरी फळी लावून ओहोटी लागेपर्यंत ती अंगाने दाबून धरली होती. अख्खं आगर वाचलं. मालक गुरुदत्तशेट मुंबईहून आले आणि त्यांनी स्वतःच्या मनगटावरचं स्विस घड्याळ काढून धाकूच्या हातावर बांधलं. "हा हात आहे तोवर मला बांधाची काळजी नाही," असं ते सगळ्यांसमोर बोलले.

ते घड्याळ, म्हणजे माझा खरा थोरला भाऊ, महिन्यापूर्वी त्याच उघाडीवर चिखलात पडलं होतं. धाकूने दोन ओहोट्या चिखल चाळला. मिळालं नाही. घरी त्याने ऑइलिंगला दिलंय म्हणून सांगून ठेवलं. आणि वैशाखात नातीचं, नंदाचं लग्न. गुरुदत्तशेट मांडवात येणार होते.

"पडलं कसं?" विश्रामभाऊंनी विचारलं.

धाकूने उजव्या हाताची बोटं उघडली, मिटली. "बक्कल नीट लागला नाय तां मना कललाच नाय," तो म्हणाला. "बोटं सुन्न झाल्यान. सकालची तर आपली वाटतच नाय."

हे त्याने घरी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं तर मुकादमी जाईल आणि आपल्याला ओटीवर बसवतील, ही त्याची भीती. म्हणजे घड्याळ हरवल्याचं दुःख होतंच. पण घड्याळ का हरवलं हे कुणाला कळू नये, याचा घोर त्याहून मोठा होता. स्वतःचं म्हातारपण लपवायला त्या माणसाला एक म्हातारं घड्याळ हवं होतं.

विश्रामभाऊंनी मला कपाटातून काढलं आणि समोर ठेवलं. "बरं काका," ते म्हणाले, "तुमचं घड्याळ कसं म्हातारं झालं ते सांगा आता. सगळं सांगा."

ती दुपार मी विसरणार नाही. कोणत्या हाताला बांधायचात? झोपताना कुठे ठेवायचात? फळी ओढताना कुठली कड घासायची? धाकू आठवून आठवून सांगत होता आणि सांगता सांगता त्याचा चेहरा सैल होत होता. डावीकडची कड फळीला लागून पांढरी पडलेली. काचेवर चारच्या आकड्याशी एक ओरखडा, बैलाने शिंग हलवलं तेव्हाचा. पट्ट्याचं तिसरं भोक लांबट झालेलं. शेवटी विश्रामभाऊंनी विचारलं, काचेभोवतीच्या खाचेचा रंग कसा होता?

"पिवला," धाकू म्हणाला. "हलदीसारका."

मग माझं म्हातारपण सुरू झालं. मला कोंडा आणि बारीक वाळूच्या पिशवीत घालून दोन दिवस हलवलं. डावी कड सागवानी लाकडावर घासली. तबकडीला बिनदुधाच्या चहाचा हात दिला. पट्ट्याला खोबरेल पाजून तो उन्हात बाटलीभोवती गुंडाळून ठेवला. चारच्या आकड्याशी तो ओरखडा काढताना विश्रामभाऊंनी आधी मला "सॉरी हं" म्हटलं, हे मी कधी विसरलो नाही. राहिली खाच. चहाने ती तपकिरी झाली, पिवळी होईना. तेव्हा हा भला माणूस खानावळीतून चिमूटभर हळद घेऊन आला, तेलात कालवली आणि सुईच्या टोकाने खाचेत भरली. हळदीसारखं म्हणाले ना, मग हळदच.

दिसायला मात्र मी अप्रतिम झालो. पंधरा दिवसांनी धाकूने मला हातात घेतलं. आणि अंगठ्याने ती डावी कड चाचपली, पुन्हा पुन्हा.

घरी कुणाला शंका आली नाही. नंदाचं सासर शहाडचं, त्यामुळे कल्याणच्या बाजूला धाकूच्या फेऱ्या होणारच. घड्याळ ऑइलिंगहून आलं एवढंच सगळ्यांनी मानलं. मुलगा नाथा तर बघतसुद्धा नव्हता, तो दिवसभर आगरात. बघायची ती सून, तुळसा.

ही तुळसा म्हणजे बोलायला खट आणि नजरेला तीक्ष्ण. मीठ धातू खातं म्हणून थोरल्याला ती दर सोमवारी साबणाच्या ओल्या फडक्याने पुसायची. सात वर्षांचा नेम. मी आल्यावर पहिल्या सोमवारी तिने हात पुढे केला, तर मामंजी म्हणाले राहू दे. दुसऱ्या सोमवारी म्हणाले मीच पुसलंय. शिवाय मी सारखा बंद पडायचो, कारण त्या सुन्न बोटांत माझी किल्ली फिरायचीच नाही. तुळसा एकदा नाथाला म्हणाली, कल्याणच्या माणसाने तेल घातलंय की काढून घेतलंय? मी मनगटावर बसून ऐकत होतो आणि मला घाम फुटला असता, पण तो आम्हाला फुटत नाही.

हळदीचा दिवस उजाडला. मांडव घातला होता, लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण गात होती, बायका हळद कांडायला उखळाभोवती जमल्या होत्या. धाकू आंघोळीला गेला आणि मी खुंटीवर राहिलो. तुळसा आत आली, मला बघितलं आणि म्हणाली, उद्या शेट येणार आणि ह्याच्यावर ही धूळ. साबणाचं फडकं घेतलं आणि काचेभोवती गोल फिरवलं.

मित्रांनो, तुमच्या आईला विचारा. हळदीच्या डागावर साबण लागला की काय होतं?

मी लाल झालो. काचेभोवती कुंकवाचं रिंगण काढावं तसा लालभडक. फडकंही लाल. तुळसा फडक्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, मग परत फडक्याकडे. सात वर्षं तिने ते घड्याळ पुसलं होतं आणि ते कधी लाल झालं नव्हतं. त्यात हळद नव्हतीच. हळद कालवण्यात हयात गेलेली बाई ती, तिला पुढचं कुणी समजावून सांगायला लागलं नाही.

मागे दारात धाकू उभा होता, ओल्या अंगाने.

आता संपलं, असं मला वाटलं. सात वर्षांचा मान, मुकादमी, सगळं माझ्या त्या लाल रिंगणात बुडालं.

"मामंजी," तुळसा हळूच म्हणाली, "ह्या आपला नाय."

"नाय," धाकू म्हणाला.

"आपला कुठं हाय?"

"उघाडीखाली." मग त्याने हात पुढे केला आणि बोटं उघडून दाखवली. "बोटं चालत नाय, बाय."

तुळसाने चुलीमागच्या टोपलीतून लिंबू घेतलं, कापलं आणि फोड माझ्या खाचेवरून फिरवली. आणि काय सांगू, मी पुन्हा पिवळा झालो. होतो तसा. विश्रामभाऊंनासुद्धा तो रंग इतका चांगला जमला नव्हता. तिने मला कोरड्या पदराने पुसलं, किल्ली दिली, धाकूच्या मनगटावर बांधलं आणि बक्कल लावलं.

"तुमी सांगा नायतर नका सांगू," ती म्हणाली. "पन बक्कल आता रोज मी लावन. आनि ह्याला हलद लागली हाय, आता तां आपल्या घरचाच."

धाकू हसला. महिन्यात पहिल्यांदा मी त्याची नाडी सरळ चालताना ऐकली. आम्ही दोघे एकाच मनगटावर राहतो, मला ते कळतं.

दुसऱ्या दिवशी गुरुदत्तशेट आले. काठी टेकत, मुलाचा खांदा धरून. मांडवात खुर्ची दिली, सरबत दिलं. त्यांनी धाकूला शेजारी बसवलं आणि त्याचा डावा हात उचलून सगळ्यांना दाखवला. मला भिंगाखाली धरतील की काय म्हणून मी श्वास रोखला. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते, ते हाताचंच कौतुक करत होते. हा हात अजून तसाच आहे, म्हणाले. पुढच्या हंगामात उघाडी धाकूकडेच, उधाण कितीही येऊ दे.

लोकांनी माना डोलावल्या. आता गप्प बसला असता तर धाकू सुटला होता. मी पिवळा, ओरखडा जागेवर, पट्ट्याचं भोक जागेवर. पण उघाडीच्या भरवशावर दोनशे माणसांचं मीठ असतं, आणि फळी धरायला बोटं लागतात.

"शेट," धाकू म्हणाला, "ह्या तुमचा घड्याल नाय. तुमचा माज्या हातून चिखलात जेला. हात तसा नाय ऱ्हायला. पुढच्या उधानाला फली माज्या हातान नका देव."

नाथा उभाच राहिला. गुरुदत्तशेटांनी चष्मा काढला, मला डोळ्याजवळ नेलं, मागून पुढून बघितलं.

"मला कळलं नसतं," ते म्हणाले. मग त्यांनी स्वतःचा उजवा हात काठीवरून उचलून पुढे धरला. तो वाऱ्यातल्या पानासारखा थरथरत होता. "दोन वर्षं झाली, सही मुलगा करतो. मी बाजूला बसून मान हलवतो. ऑफिसात कुणाला माहीत नाही. तुमच्याकडे निदान लिंबू तरी होतं." लिंबाचं त्यांना तुळसाने सांगितलं होतं की वासावरून कळलं, ते मला आजतागायत ठाऊक नाही.

मग ते नाथाकडे वळले. उघाडी आता तू बघ, म्हणाले. आणि धाकूला म्हणाले, "तुम्ही बांधावर बसायचं आणि त्याला शिव्या द्यायच्या."

"तेवरा जमल मना," धाकू म्हणाला.

दोघे म्हातारे हसले, आणि मग मांडवच हसायला लागला. मला काय वाटलं म्हणून सांगू? महिनाभर घट्ट आवळलेली स्प्रिंग कुणीतरी हलकेच सोडावी, तसं. मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत चार मिनिटं पुढे गेलो. माझी एवढीच काय ती चूक, आणि ती आनंदाची.

नंतर धाकू शहाडला नातीकडे जाताना विश्रामभाऊंच्या कपाटाशी थांबला आणि साबणाची गोष्ट सांगितली. विश्रामभाऊ कपाळावर हात मारून म्हणाले की यापुढे स्वयंपाकघरातली वस्तू वापरण्याआधी एखाद्या बाईला विचारीन. ते अजून एकटेच आहेत, पण निदान विचारतात.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. थोरला अजून उघाडीखाली आहे, त्याला खाडी सांभाळते. मी बांधावर असतो. मिठाने माझी उजवी कड खाल्ली, ती विश्रामभाऊंच्या हिशोबात नव्हती. काचेवर एक नवा ओरखडा आहे, नंदाच्या मुलाने चमच्याने काढलेला.

मित्रांनो, तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. घरातलं एखादं माणूस घड्याळाला किल्ली द्यायला वेळ लावत असेल, बटणाशी झगडत असेल, तर त्याच्या हातातून ते ओढून घेऊ नका. आणि बघितलंच नाही असंही करू नका. रोज सकाळी धाकू खाडीकडे बघत डावा हात जरासा पुढे करतो. तुळसा मला किल्ली देते, तिसऱ्या भोकात बक्कल अडकवते आणि भाकऱ्या थापायला निघून जाते.

मला जुना करायला विश्रामभाऊंना पंधरा दिवस लागले होते. खराखुरा जुना व्हायला सहा वर्षं लागली, आणि त्यातला एकही दिवस कुणापासून लपवावा लागला नाही.